देऊळ ज्या बाजूला फिरलं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसायचं भाग्य मला मिळालं नाही. मी त्यांना पाहिलं ते एका शाळेच्या स्नेहसंमेलनात, आठ-नऊ वर्षांचा असताना. पोरं समूहगीत म्हणत होती आणि गुरुजी पेटीवर होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी पेटी एका मोठ्या मुलीच्या हाती दिली, मंचावरून खाली उतरले आणि मांडवाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. तिथं खेड्यावरून भाकरी बांधून आलेली माणसं उभी होती. गाणं संपेपर्यंत गुरुजी त्यांच्यातच. त्या वयात मला वाटलं, गुरुजींना कशाचा तरी राग आला. पुढं कळलं, ते दर कार्यक्रमाला असंच करत. मागच्या माणसाला काय ऐकू येतं ते कानानं पाहिल्याशिवाय त्यांना गाणं झालं असं वाटतच नसे.

आज मला विषय दिलाय तो आपल्या गावाच्या कलेचा. मी तो गुरुजींच्या त्या जागेवरून मांडणार आहे, मांडवाच्या टोकावरून.

औंढ्यात कलेविषयी बोलायचं तर सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. नामदेवांच्या कीर्तनाची गोष्ट इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी माहीत असते. तरीही मी ती आज सांगणार आहे, कारण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू जशी दिसेनाशी होते, तशी रोज कानांवर पडणारी गोष्टही ऐकू येईनाशी होते.

नामदेवांचा जन्म १२७० सालचा, नरसीचा, कयाधूच्या काठचा. म्हणजे ते आपल्याच शिवारातले, शिंप्याचं लेकरू. ते नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले आणि पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. ते भांडले नाहीत. देवळाच्या पाठीमागं गेले, तिथं टाळ धरला, आणि देऊळ फिरलं. नंदी तेवढा होता तिथंच राहिला. आजही आपल्या देवळात नंदी पाठीमागं आहे आणि येणारा प्रत्येक यात्रेकरू विचारतो, नंदी मागं का बरं?

मी माझ्या आजीला वेगळंच विचारलं होतं. म्हटलं, "आजी, देवाला ऐकायचं होतं तर देव उठून मागं का गेला नाही? एवढं दगडाचं देऊळ कशाला फिरवायचं?" आजी हळद निवडत बसली होती. म्हणाली, "देव उठून गेला असता तर येकटाच गेला असता, लेकरा. देऊळ फिरलं म्हणून आत बसलेली समदी फिरली."

आजी निरक्षर होती. मी पुढं मराठीचा प्राध्यापक झालो, लोकसाहित्यावरची पुस्तकं वाचली, पण या गोष्टीवरचं याहून खोल भाष्य मला कुठं सापडलं नाही. उठवणारे आत होते, ऐकणारेही आत होते. फिरायचं होतं ते त्यांनी.

मी हे इतिहास म्हणून सांगत नाही. मंदिराचं मूळ बांधकाम यादवकाळातलं, तेराव्या शतकाचं. औरंगजेबाच्या काळात त्याची मोडतोड झाली आणि वरचा भाग पुढं अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभारला असं मानतात. खालचा काळा कोरीव दगड आणि वरचं पांढरं शिखर यांतला फरक लांबूनही दिसतो. दगड कधी, कुणी, कोणत्या दिशेला रचला हा पुरातत्त्वाचा विषय. मला गोष्टीत रस आहे, कारण गाव आपल्याविषयी कोणती गोष्ट जपतं यावरून ते गाव कळतं. कुठल्या गावाला किल्ला जिंकल्याची गोष्ट असते, कुठं खजिन्याची, कुठं शापाची. औंढ्याची गोष्ट एका कार्यक्रमाची आहे. कीर्तन झालं आणि ते ऐकलं गेलं, एवढीच.

ही गोष्ट आपल्यापुरती राहिली नाही हेही सांगायला हवं. महीपतींचा 'भक्तविजय' १७६२ चा. त्यातल्या नामदेवकथा आपल्या कीर्तनकारांच्या तोंडी असतात. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी, १६०४ मध्ये, गुरू अर्जनदेवांनी पंजाबात आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदं आहेत. आजच्या गुरू ग्रंथ साहिबात ती ६१ आहेत. त्यांतल्या दोन पदांत देऊळ फिरल्याचा प्रसंग आहे. एक भैरव रागात आहे, दुसरं मलार रागात. गावाचं नाव त्यांत नाही, पण बाकी सगळं आहे. भक्ती चालू असताना धरून उठवणं आहे, जातीचा उल्लेख आहे, कांबळं उचलून देवळामागं जाऊन बसणं आहे, आणि देवळाचं वळणं आहे. ते कांबळं वाचलं तेव्हा मी थांबलो होतो. अपमान झालेला माणूस निघताना आपलं कांबळं उचलतो. हा तपशील ज्याच्यावर वेळ आली त्यालाच सुचतो.

आता विचार करा. नांदेड आपल्यापासून फार तर दीड-दोन तासांवर. तिथल्या तख्त सचखंड हुजूर साहिबात रोज कीर्तन चालतं. जो माणूस कयाधूकाठी जन्मला, ज्याचे शब्द पंजाबात गेले, तिथं गुरुमुखी लिपीत लिहिले गेले, रागांत बांधले गेले, त्याचे शब्द फिरून गोदावरीकाठी आले आणि आपल्याच शेजारी गायले जातात. २०१५ मध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला भरलं, तेव्हा आपल्या भागातली कितीतरी माणसं एवढ्या लांब गेली. जायलाच हवं होतं. मात्र हुजूर साहिबात जाऊन नामदेवांचा एक शबद मन लावून ऐकलेला औंढेकर मला अजून भेटायचा आहे. तुमच्यात कुणी असेल तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटा.

आता पाठीमागच्या बाजूकडे येतो.

आपल्याकडे 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? मंच, पडदा, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ. मोठ्या शहरातून आलेला कलावंत आणि खाली आपण. मला ते नकोसं नाही. परभणीला १९९५ मध्ये नारायण सुर्वे अध्यक्ष असलेलं साहित्य संमेलन भरलं होतं, त्यानं आमच्या पिढीला पुस्तकांची भूक लावली. आपल्या जिल्ह्यातून, कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे फ. मुं. शिंदे संमेलनाध्यक्ष झाले, वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांच्या कविता शाळाशाळांत पोरं तालावर म्हणतात. अभिमानच आहे. पण गावाची कला मोजायची तर मंच मोजून भागत नाही. या गावात वर्षभर गाणं कुठं कुठं होतं ते मोजावं लागतं, आणि ते बहुतेक मंचामागं होतं.

अखंड हरिनाम सप्ताहच घ्या. आपल्या भागात असं गाव दाखवा जिथं सप्ताह होत नाही. आपण त्याला धर्मकार्य म्हणतो, ते आहेही. पण जरा कलेच्या बाजूनं पाहा. सात दिवस, चोवीस तास, वीणा जमिनीला टेकवायची नाही. म्हणजे पहाटे तीनला कुणीतरी उठून, अंघोळ करून, आधीच्या पहारेकऱ्याच्या गळ्यातून ती आपल्या गळ्यात घ्यायची. पहाऱ्यांची पाटी देवळाच्या भिंतीवर लागते, तिच्यावर दुकानदार असतो, सालगडी असतो, कॉलेजातलं पोरगं असतं. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन नि पंगत. गावात संगीताचं एकही विद्यालय नसताना, आठवडाभर न थांबणारा असा संगीताचा कार्यक्रम शेतात राबणारी माणसं वर्गणी काढून उभा करतात. जगातल्या कुठल्याही संगीत महोत्सवाच्या संयोजकाला इथं आणून बसवा, त्याला पहिला प्रश्न पडेल, ही पहाटे तीनची माणसं तुम्ही आणता कुठून?

आणि कीर्तनाची रचना पाहा. कीर्तनकार मध्ये उभा, शेजारी मृदंगी, मागं टाळकऱ्यांच्या रांगा. कीर्तनकारानं अभंगाचं चरण सोडलं की टाळकरी उचलतात. चाल त्यांच्या गळ्यात असते. कीर्तनकार बाहेरगावचा, एका रात्रीचा; टाळकरी गावचे, चाळीस वर्षांचे. महाशिवरात्रीच्या सुमारास आपल्याकडे हळद काढणीचे दिवस असतात. मी लहानपणी ज्या टाळकऱ्याच्या मागं उभा राहायचो, त्यांच्या टाळाची दोरी पिवळी झालेली असायची. घामानं हळद दोरीत उतरलेली. त्या दोरीचा रंग माझ्या लेखी या गावच्या संगीताचा रंग आहे.

मृदंगाविषयी दोन शब्द बोललोच पाहिजेत. उजव्या तोंडाला शाई असते, डाव्या धुमेला दर वेळी ओली कणीक थापावी लागते. ती किती घट्ट, किती ओली, किती जाड, यावर घुमारा ठरतो. कार्यक्रम झाला की ती खरडून काढायची. म्हणजे मृदंगाचा अर्धा आवाज रोज नव्यानं तयार करायचा असतो आणि तोही घरातल्या पिठातून. याच वारकरी मृदंगातून आपल्या मराठवाड्यानं देशाला केवढा माणूस दिला! अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. भजनाच्या ठेक्यापासून निघालेला हा पखवाजी शास्त्रीय संगीताच्या मोठमोठ्या मंचांवर पोचला, १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण सांगताना एक विसरू नका: अशा प्रत्येक शंकरबापूंच्या मागं शंभर गावांतले शंभर मृदंगी असतात, ज्यांची नावं त्यांच्या गावाबाहेर जात नाहीत. ते आहेत म्हणून तो घडतो.

आज पोरांना हे शिकायचं तर आळंदी गाठावी लागते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचे आपल्यावर फार उपकार आहेत. मराठवाड्यातून तिकडं गेलेली पोरं कीर्तनकार होऊन परत येतात. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून मांडतो. मोठ्या नावाच्या कीर्तनकाराची तारीख मिळावी म्हणून गावं वर्षभर आधी धडपडतात, लाखाच्या भाषेत बोलतात. त्याच सप्ताहात गावच्या मृदंग्याला नारळ आणि टोपी. त्याच्या मृदंगाची वादी तुटली तर ती बदलायला त्याला स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. कीर्तनकाराला देऊ नका असं मी म्हणत नाही. पण मागच्या रांगेचाही हिशेब असायला हवा.

वर्षाच्या चक्रात अजून कितीतरी आहे. श्रावणातले सोमवार, महाशिवरात्रीची यात्रा, रथ निघतो तेव्हाचा जयघोष. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी नरसीवरून औंढ्याला येते आणि पुढं जवळा बाजारकडं जाते. पांढऱ्या कपड्यांतल्या वारकऱ्यांची ती ओळ आणि शेकडो टाळांची एक पावली ज्यानं एकदा पाहिली तो शिस्त म्हणजे काय हे कुणाला विचारणार नाही. हिंगोलीचा दसरा आणि रामलीला मैदान. गोंधळ्यांचं संबळ, आपल्या शेजारच्या परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळ केवढ्या उंचीला नेला! माहूरच्या वाटेवरचे आराधी. होळीला बंजारा तांड्यांवर डफड्याच्या तालावर रात्र-रात्र चालणारी लेंगी, जी ऐकायला आपण गावातून दोन किलोमीटरही जात नाही. आंध आदिवासींची दंडार. मोहरमच्या सवाऱ्या, ज्यांत कोण कोणत्या धर्माचा हे विचारायची पद्धत आपल्या खेड्यांत नव्हती. आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीची गाणी. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले, वस्तीवस्तीत गायले, आणि ज्या माणसांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांना बाबासाहेब गाण्यातून पोचले. १९७८ ते १९९४ या विद्यापीठ नामांतराच्या सोळा वर्षांत मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली, आणि त्या काळात ही गाणी वस्त्यांवर धीरासारखी म्हटली गेली. त्या आवाजाकडे गावानं किती काळ पाठ फिरवली हे इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. नामदेवांची गोष्ट सांगणाऱ्या गावानं हे स्वतःला विचारायलाच हवं.

या यादीतल्या एकेकावर एकेक व्याख्यान होईल. मला आज थांबायचं आहे ते बायांच्या गाण्यापाशी, कारण ते सगळ्यांत मागं होतं. इतकं मागं की ते गाणं आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

माझी माय पहाटे दळायची. मी जात्याच्या आवाजात झोपेत असायचो, तिच्या मांडीला डोकं लावून. जात्याला एक घास घातला की पाळी फिरायची आणि तिच्यासोबत ओवी यायची. एक ओढ, एक चरण. श्वास जात्यानं ठरवून दिलेला. समोर बसलेली काकू दुसरी ओवी उचलायची. भाऊ, माहेर, राम, सीता, विठ्ठल, लेक, सासू, दुष्काळ, सगळं त्यात. ऐकायला कुणी नव्हतंच. गडीमाणसं झोपलेली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, ज्या कलेला श्रोता नको असतो ती सगळ्यांत खरी असेलही, पण ती सगळ्यांत लवकर मरते. गिरणी आली. मायच्या हातांचे घट्टे गेले, त्याचा मला आनंद आहे. गाण्यासाठी बायांनी दळत राहावं असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण जातं थांबलं तसं त्या गाण्याचं ठिकाण गेलं, वेळ गेली, श्वास गेला. मायला मी म्हातारपणी म्हटलं, ओवी म्हण. तिनं हात हलवायला सुरुवात केली, रिकाम्या हवेत, आणि मगच तिला शब्द आठवले.

या गाण्यांकडे वळून पाहणारी माणसं झाली. आपल्याच मातीतले विद्वान डॉ. ना. गो. नांदापूरकर. मोरोपंतांचा अभ्यास करणारा हा पंडित खेड्यापाड्यांतल्या बायांच्या ओव्या गोळा करत राहिला आणि त्यांतून त्यानं 'मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा' उभी केली. निरक्षर बायांनी जात्यावर रामायण रचलं आहे, हे म्हणायला त्या काळी मोठी छाती लागत होती. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. आज तो ठेवा पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बाया आहेत, त्यांनी जात्यावर बाबासाहेब गायले आहेत. आवाज ऐका. एकेक बाई नावानिशी, गावानिशी नोंदलेली आहे. नाव नोंदणं हाही कलेचा सन्मान असतो, शालीहून मोठा.

आपल्या औंढा तालुक्यातल्या बायांचे असे आवाज नोंदायचं काम आपल्यावर आहे. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी फेर धरतात, वारुळाला जातात, ती गाणी अजून तोंडी आहेत. ज्यांना ती पूर्ण येतात त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मग उशीर कशाचा?

फोनवरून आवाजाच्या दुसऱ्या टोकाला जातो. वरातीत, मिरवणुकीत, जयंतीत, उत्सवात, आता यात्रेतसुद्धा ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. मी म्हाताऱ्यांची कुरकुर करत नाही. पोरांना नाचावंसं वाटतं, नाचू द्या. माझं दुःख वेगळं आहे. त्या आवाजात दिशा उरत नाही. तो सगळीकडून येतो आणि छातीवर आदळतो. संबळ वाजलं तर कळतं कुठल्या आळीत गोंधळ आहे. सनई आली तर कळतं लग्न कुणाकडं. देवळामागं टाळ वाजला तर देवळाला कळतं मागं कुणीतरी आहे. भिंतींच्या आवाजात मागं कोण गातंय हे कळायची सोयच राहत नाही. नामदेव आज पाठीमागं जाऊन बसले असते तर देऊळ फिरलं असतं का, हा प्रश्न मला यात्रेच्या दिवसांत झोपू देत नाही.

आणि नेमकं हेच गाव जगानं ऐकण्यासाठी निवडलं आहे. आपल्या तालुक्यात, दुधाळ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, त्यांच्या आत निर्वात पोकळी, तीतून धावणारा लेझरचा किरण. आकाशात कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश थरथरतं, आणि ती थरथर इथवर येते तेव्हा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. ती ऐकायची तर जमीन शांत हवी. या जागेच्या निवडीत तिची शांतता मोलाची ठरली.

अशी थरथर माणसानं पहिल्यांदा टिपली १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत. आवाज पाव सेकंदाहून कमी, साधारण ३५ ते २५० हर्ट्झ. म्हणजे तो माणसाच्या कानाच्या टप्प्यातला आहे. मृदंगाच्या धुमेच्या आसपास सुरू होऊन वर चढत जाणारा. पण तो गोंगाटातून वेगळा काढायचा कसा? पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपासच या कामाची एक रीत बांधायला घेतली होती. लाटेची चाल आधी गणितानं बसवून ठेवायची, अशा हजारो चाली जवळ ठेवायच्या, आणि आलेल्या गोंगाटावर एकेक चाल लावून पाहायची. जुळली की समजायचं, आला. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचे टाळकरी आठवले. यात्रेच्या कल्लोळात कीर्तनकाराचा अर्धा शब्द कानावर आला की ते अख्खं चरण उचलतात, कारण चाल त्यांच्या आत आधीच बसलेली असते. ज्याला चाल माहीत नाही त्याच्यासाठी तोही गोंगाटच.

अजून एक आहे, आणि ते ऐकून मी शास्त्रज्ञांना हात जोडले. अमेरिकेत दोन वेधशाळा आहेत, इटलीत एक, जपानात एक. मग भारतात कशाला? तर आवाज कुठल्या बाजूनं आला हे नीट कळावं म्हणून. एका कानानं आवाज कळतो, दिशा कळत नाही. लाट एका ठिकाणी आधी पोचते, दुसऱ्या ठिकाणी किंचित उशिरा. त्या फरकावरून दिशा काढतात. औंढ्याचा कान जोडला गेला की आकाशात नेमकं कुठं वळून पाहायचं हे जगभरच्या दुर्बिणींना सांगता येईल, आणि त्या तिकडं फिरतील.

दगडाचं देऊळ आवाजाच्या दिशेला फिरल्याची गोष्ट सातशे वर्षं सांगणाऱ्या गावात हे घडणार आहे. यात कुणी चमत्कार पाहावा, कुणी योगायोग. मला यात जबाबदारी दिसते. ज्या गावातून अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला थरार ऐकला जाणार, त्या गावानं आपल्या बोळातल्या म्हातारीची पंचमीची गाणी ऐकू नयेत हे मला सहन होत नाही.

गुरुजींच्या नावानं व्याख्यानमाला चालवणाऱ्यांकडे मी तीन गोष्टी मागतो. पैसे फार लागत नाहीत, माणसं लागतात. शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरींनी या पंचमीला आपल्या आज्यांची गाणी फोनवर नोंदावीत, गाणारीचं नाव, गाव, माहेर आणि सासर लिहून. सप्ताहाच्या वर्गणीतला एक वाटा गावच्या मृदंगासाठी, वादीसाठी, शाईसाठी, आणि शिकणाऱ्या पोरांसाठी बाजूला निघावा. त्याचा फलक कीर्तनकाराच्या फलकाशेजारी लागावा. आणि यात्रेत एक संध्याकाळ, फक्त एक, विजेच्या आवाजाविना व्हावी. तांड्यावरची लेंगी, वस्तीवरची भीमगीतं, आराध्यांचं संबळ, फकिराचा डफ, आणि आपलं भजन. जागा मी सांगतो. देवळाच्या पाठीमागं, नंदी आहे तिथं.

निजामाच्या राज्यात गश्ती नंबर ५३ हा हुकूम लागू होता तेव्हा सभा घ्यायला आधी परवानगी लागे. आमच्या वडिलांच्या पिढीनं तशा काळात गाणं टिकवलं, भजनाला जमले आणि जमता जमता १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीपर्यंत पोचले. आपल्याला आज कुणाचीही परवानगी मागायची नाही.

माझा वेळ संपला आहे. माझ्यानंतर शेजारच्या वाडीच्या महिला भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे. पत्रिकेत तो 'समारोप' म्हणून छापला आहे, त्यांचं नाव छापायचं राहून गेलं. त्या दुपारी चारलाच आल्या आहेत. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या म्हणून त्या तिकडं मागं, भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या आहेत. मी बोलत होतो तोवर त्यांच्यातल्या एका मावशींनी मृदंगाला कणीक लावून घेतली आहे. मला इथून दिसतंय. त्यांना पुढं बोलवायचं, मंचावर चढवायचं, माईक लावायचा, यात पुन्हा अर्धा तास जाईल आणि त्यांना रात्रीच्या गाडीनं परतायचं आहे. तेव्हा एकच करा. जागचे उठा, आणि आपापल्या खुर्च्या तेवढ्या तिकडं फिरवून घ्या.